कॅसेटचाचांची फुंकर

कॅसेटचाचांनी फुंकर मारली की मेलेली कॅसेट उठून बसायची. कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. तळहाताएवढी, जाड, पिवळी नाहीतर काळी प्लॅस्टिकची वडी. ती यंत्राच्या डोक्यात खुपसली की टीव्हीवर खेळ सुरू व्हायचा. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या की चाचा स्टुलावरून उठायचे, कॅसेट उपसायचे, माउथ ऑर्गनसारखी ओठांपाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि छाती भरून घ्यायचे. ते श्वास आत घेताना दुकानातली हवा पातळ व्हायची, भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे जायचं आणि दारातला कुत्रा उठून लांब जाऊन बसायचा. मग एकच फुंकर. तिच्या जोरावर गेलेली वीज परत आल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारचा इस्त्रीवाला म्हणतो, लोडशेडिंगची वेळच संपली होती. पण त्या माणसाला कशातच काही दिसत नाही.

पुढे कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं की फुंकरीने काही होत नसतं; कॅसेट काढून परत बसवल्यामुळे ती चालते, उलट तोंडाच्या ओलीने आतलं पितळ गंजतं. असेल. लिहिणाऱ्याने सांगली पाहिलेली नसणार.

त्यांचं खरं नाव निकाहाच्या वेळी काझींनी घेतलं, त्यानंतर ते कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही. नव्वदच्या दशकात सांगलीत स्टँडमागच्या बोळात त्यांचं गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे चार टीव्ही, चार बाकडी आणि आमच्यासारखी चाळीस कार्टी. शाळेच्या वेळेत मात्र प्रवेश नाही. गणवेशातलं पोरगं दिसलं की चाचा त्याला कानाला धरून थेट वर्गात नेऊन बसवायचे. माझा डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे, तो जन्मतः नाही. तोच कान घेऊन मी पुढे वकील झालो, आणि अशिलांचं ऐकायला तो लय उपयोगी पडतो.

फुंकरीची कीर्ती एवढी पसरली की एकदा मेढ्याकडून एक म्हातारी तापाने फणफणलेला नातू खांद्यावर टाकून पार्लरच्या दारात उभी राहिली.

"आवं, फुंकून बरं करत्यात ते मुसलमान बाबा हितंच ऱ्हात्यात का?"

"आजी, मी कॅसेटीला फुंकतो. लेकराला न्हाई."

"मंग लेकरू काय कॅसेटीपेक्षा हलकं हाय व्हय रं?"

चाचा स्टुलावरून उठले. त्यांनी डोळे मिटले, छाती भरली आणि पोराच्या टाळूवर हळूच, दिवा विझू नये अशी फुंकर घातली. मग आजीला नातवासकट रिक्षात घालून स्वतः डॉक्टरकडे नेलं. पोरगं दोन दिवसांत उड्या मारायला लागलं. औषध डॉक्टरचं आणि नाव फुंकरीचं झालं. त्यानंतर आठवडाभर चाचा मेढ्याची गाडी लागायच्या वेळेला शटर ओढून आत बसत.

पुढे मोबाईल आले आणि पार्लर बसलं. चाचांनी बाकडी विकली, टीव्ही भंगारात घातले आणि त्याच गाळ्यात चार्जर आणि कव्हरं लावली. कॅसेटी मात्र एका पत्र्याच्या ट्रंकेत माळ्यावर. कृष्णेला पूर आला त्या वर्षी गल्लीतली माणसं गादी, फ्रिज, सोनंनाणं वाचवत होती. चाचा बचावाच्या होडीत उभे, लुंगी गुडघ्याच्या वर आणि डोक्यावर ट्रंक. होडीवाला ओरडला, "चाचा, वजन हुतंय, टाका ती पेटी!" चाचा म्हणाले, "मला टाक. पेटी घिऊन जा."

आणि मग एक दिवस गेलेला जमाना मुठीत मावेल असा होऊन परत आला. चीनहून छोटी यंत्रं यायला लागली. विड्याच्या डबीएवढी, समोर पडदा, खाली बटणं. आमच्या लहानपणच्या चार टीव्हींचं अख्खं पार्लर त्या डबीत. जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्राम तिच्यात असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. चाचांनी पहिली डबी हातात घेतली. त्यांनी ती उलटीपालटी केली, सगळ्या बाजूंनी चाचपली आणि विचारलं, "हिला फुंकायचं कुटं?"

फुंकायला जागाच नव्हती. तरी चाचांनी ती विकायला ठेवली. पण आधी माझ्या ऑफिसात आले. पहिल्यांदाच आले, म्हणून मी कान झाकून बसलो.

"वकिला, ह्यात कायदा काय म्हनतो ते सांग. गोल गोल न्हाई. सरळ."

सरळ सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही, पण सांगितलं. यंत्र विकणं गुन्हा नाही. सोंग घेणारा प्रोग्राम कोणी स्वतःच्या अकलेने नव्याने लिहिला असेल तर तोही गुन्हा नाही. गुन्हा आहे तो मालकाला न विचारता त्याच्या खेळांच्या प्रती काढून वाटण्यात, आणि कंपनीच्या मूळ यंत्राच्या पोटातला प्रोग्राम उचलून घालण्यात. स्वतःकडे रीतसर असलेल्या प्रोग्रामची जपणुकीपुरती प्रत काढायला कायदा एक फट ठेवतो. त्या फटीतून किती जाड माणूस जाऊ शकतो, यावर वकिलांची पोटं चालतात.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ताट इकलं तर चालतंय. दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी उचलून ताटात वाढायची न्हाई."

"बरोबर."

तेव्हापासून ते दुकानात एकच वाक्य बोलायचे: "ताट माझं, भाकरी तुझी." डबी विकायचे ती रिकामी. आत एकही खेळ नाही. समोरच्या दुकानात तीच डबी दहा हजार खेळ भरून मिळायची. गिऱ्हाईक चिडायचं. "चाचा, दहा हजार गेम फुकट देतोय तो!"

"दहा हजारांचं जेवान एका ताटात? उष्टं आसंल रं ते."

कोणी स्वतःची जुनी कॅसेट घेऊन आलं, तरच चाचा भाकरी वाढायचे. खेळ उतरवून घेणाऱ्या एका वायरीच्या यंत्रावर कॅसेट बसवायची, आधी फुंकर, मग तिच्यातला खेळ त्याच माणसाच्या डबीत. दुसऱ्या कोणाच्या नाही. बघता बघता बोळात गर्दी व्हायला लागली. फलटणचे ऊसवाले, मिरजेचे डॉक्टर, रिटायर फौजी, सगळे पन्नाशीकडे झुकलेले, पोटं सुटलेली, आणि प्रत्येकाच्या हातात माळ्यावरून शोधलेली एक धुळकट कॅसेट, नवसाच्या नारळासारखी दोन्ही हातांत धरलेली. विट्याचा बापू तर थेट कोइमतूरहून आला. बापूची तिकडे सोनं गाळायची गलाई. चाचांनी त्याची कॅसेट फुंकून चालवून दाखवली तेव्हा हा सोन्याला हात लावून लावून निबर झालेला माणूस ढसाढसा रडला. डबीत पाणी जाऊ नये म्हणून चाचांनी त्याला बाहेर नेऊन बसवला.

ही गर्दी कोणाच्या तरी डोळ्यांवर आली. तक्रार झाली की बोळातल्या दुकानात चोरीचे गेम विकतात.

आता योगायोग असा, की आदल्याच दिवशी बाजारात एक बहुरूपी फौजदाराचं सोंग घेऊन फिरून गेला होता. कडक खाकी, पल्लेदार मिशी. "बायकोला न विचारता दुसरा चहा प्यायलास, चल, वॉरंट हाय!" म्हणत त्याने चाचांकडूनही दहा रुपये नेले होते. दुसऱ्या दिवशी फलटणहून नुकतेच बदलून आलेले खरे फौजदार दोन शिपायांसह दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. दुकान तपासायचंय."

चाचा खूश. "वा रं गड्या! कालच्यापेक्षा सोंग झकास वठलंय. आज जोडीदार बी आनलंस! पर मिशी कालचीच बरी हुती."

फौजदारांच्या मिशीचे केस उभे राहिले. "ओ, मी ड्यूटीवर आहे!"

"आसंच पायजे! हसू नगंस, मजा जाती." असं म्हणून चाचांनी त्यांच्या खिशात दहाची नोट सारली आणि पाठीवर थाप मारली. एक शिपाई भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. मग फौजदारांनी बाहेर उभी असलेली जीप दाखवली. जीपचं सोंग अजून कोणाला साधलेलं नाही, एवढं चाचांना कळत होतं.

मी ठाण्यात पोचलो तेव्हा टेबलावर डब्या मांडलेल्या, बाजूला ट्रंक, आणि चाचा खुर्चीच्या टोकावर पांढरेफटक. फौजदार एकेक डबी चालू करत होते. "यात काहीच कसं नाही?"

"ताट हाय साहेब. रिकामं."

"मग हे गेम खेळवणारं जे आत आहे, ती नक्कल नाही का?"

मी वकिलीत बरेच युक्तिवाद केले आहेत, त्यातले काही हरलेलेही आहेत, पण त्या दिवशीचा मला चाचांनीच तयार करून दिला होता. म्हटलं, "साहेब, काल बाजारात बहुरूपी आला होता. तुमचा गणवेश, तुमची चाल, तुमचा दरारा, सगळं त्याने घेतलं. त्याला अटक केली?"

"त्याला कशाला? सोंगच ते."

"आणि त्याने तुमच्या नावावर खरीखुरी वसुली केली असती तर?"

"तर आत टाकला असता."

"बस. आतला प्रोग्राम बहुरूपी आहे. सोंग घेतो, वसुली करत नाही. चाचांच्या समोरचे दुकानवाले दहा हजार खेळ भरून देतात ती वसुली."

फौजदारांनी खिशातली दहाची नोट काढून टेबलावर ठेवली आणि प्रथमच हसले. डब्या परत मिळाल्या. आम्ही निघताना त्यांनी सहज ट्रंकेकडे बोट केलं. "आणि ह्या कॅसेटी? ह्या तरी खऱ्या ना?"

"शंभर टक्के!" चाचांआधी मीच बोललो. आपलं अर्धं लहानपण ज्यावर गेलं ते खोटं असेल, असं कोणाच्या मनात येईल?

चाचांच्या मात्र आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूला बोलावलं; तो अजून विट्याच्या घरीच मुक्काम ठोकून होता. खरं-खोटं ओळखायची सवय त्या हातांना. बापूने बारीक स्क्रूड्रायव्हरने पहिली कॅसेट खोलली. आतल्या हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा. ना कंपनीचं नाव, ना शिक्का. दुसरी खोलली, काळा थेंब. तिसरी, काळा थेंब. बापू मोबाईलवर अस्सल कॅसेटीचे फोटो बघायचा, परत ट्रंकेकडे बघायचा, आणि त्याचा आवाज खाली खाली जायचा.

"चाचा... पितळ हाय."

"सगळं?"

"माझी बी पितळच निघाली."

तळाशी एकच निघाली, जिच्या पोटात स्वच्छ छापलेलं नाव होतं. होडीचा खेळ. नदीतून होडी हाकायची आणि दगड चुकवायचे. चाचांच्या मेव्हण्याने कुवेतहून आणलेली, पार्लरची पहिली कॅसेट. बाकी सगळा माल चाचांनी मुंबईच्या ठोक बाजारातून बिल घेऊन आणला होता. बिल खरं होतं आणि माल चोरीचा. त्या काळात आपल्याकडे दुसरा माल येतच नव्हता, हे मी त्यांना दहा तऱ्हांनी सांगितलं. ते ट्रंकेकडे बघत राहिले, घरात मयत झाल्यासारखे.

त्याचं कारण होतं. चाचांचा हजला नंबर लागला होता. हजला जाणारा माणूस निघण्याआधी दारोदार जातो आणि "कहा-सुना माफ करा" म्हणतो. कोणाला दुखवलं असेल, कोणाचं काही घेतलं असेल, ते सगळं इथेच मिटवून जायचं. माणसाने माफ केल्याशिवाय वरचा माफ करत नाही. चाचांनी कान पिळलेल्या पोरांची माफी मागायला सुरुवात केलीच होती; माझ्याकडे आले तेव्हा मी दुसराही कान पुढे केला. पण आता हे नवीनच निघालं होतं.

"वकिला, ज्येंचे खेळ हुते त्येंची माफी कशी मागायची?"

"चाचा, तीस वर्षं झाली. कायद्यात दाव्याला मुदत असते. ती कधीच संपली. कोणी विचारणार नाही."

"कायद्याची मुदत संपली आसंल. माझी न्हाई अजून."

मग मी शोधाशोध केली. खेळ बहुतेक जपानी कंपन्यांचे; त्यातल्या अर्ध्या बुडालेल्या, काही दुसऱ्यांनी गिळलेल्या, काही खेळांचा आज मालक कोण हे जपानातही कोणाला सांगता येईना. ज्या चालू होत्या त्यांना मी इंग्रजीत मेल पाठवले. यंत्राने उत्तरं पाठवली, तुमचा संदेश आम्हाला महत्त्वाचा आहे म्हणून. चाचांनी मला ते मराठीत सांगायला लावलं आणि विचारलं, "ह्यात माफ केलं आसं कुटं हाय?"

निघायचा दिवस जवळ आला. चाचांचं जेवण तुटलं. घरातली माणसं मला फोन करायला लागली, काहीतरी कागद करून द्या म्हणून. मी दिलाही असता; कोऱ्या स्टँपपेपरवर मी जपानच्या बादशहाची माफी आणून दिली असती. पण चाचांच्या डोळ्यांत बघून खोटा कागद पुढे करायची छाती मला झाली नाही.

एके पहाटे त्यांनी मला आणि बापूला आयर्विन पुलावर बोलावलं. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. पुलाच्या सांगलीवाडीकडच्या टोकाला ते उभे होते आणि समोर, सांगलीच्या छपरांमागून, दिवस उगवत होता.

"जपान हिकडंच न्हवं?"

"हिकडंच, चाचा. पण लय लांब."

"मक्का बी लांबच हाय. आपुन रोज हाक मारतोच की."

आणि त्यांनी डोळे मिटून छाती भरली. तीच छाती. मी सांगतो, कृष्णेचं पाणी वीतभर खाली गेलं. घाटावरची कबुतरं उडायची थांबली. मग ते पार्लरमधल्या आवाजात गरजले:

"आवं जपानकर! आमी सांगलीची मानसं! तुमचे खेळ तुमाला न इचारता खेळलो! पोरं लय खूश झाली वो! चोरीचे हायत ते ठावं नव्हतं. पर ठावं नव्हतं म्हनून झालेलं न झालेलं हुत न्हाई! मी हजला चाललोय! कहा-सुना माफ करा!"

दूधवाल्यांच्या मोटरसायकली थांबल्या. फिरायला आलेली माणसं जागच्या जागी. पूल नुसता घुमत होता. कोणी हसलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ न्यायाधीश पाहिले, पुष्कळ आरोपी पाहिले. ज्याच्यावर खटला नाही, ज्याला फिर्यादी नाही, ज्याची मुदत संपलेली आहे, असा माणूस स्वतःहून उभा राहून गुन्हा कबूल करताना मी एकदाच पाहिला. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून पुरता बसलेला नाही.

तेवढ्यात बापू कठड्याला धरून ओरडला, "आमी बी खेळलो! आमाला बी माफ करा!" मग एक दूधवाला, "मी बी!" मग मीही. पळायला आलेला एक ट्रॅकपँटवाला तरुण जवळ येऊन थांबला; मिशीवरून ओळखलं, फौजदार. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मी फलटणला खेळलोय."

जपानहून काही आवाज आला नाही. पण तिकडच्या वाटेवर आधी सांगली लागते. समोरच्या घाटावर धुणं धुणारी एक बाई उभी राहिली आणि तिने हात वर केला. कोण, कुठली, तिला काय ऐकू गेलं, देव जाणे. "जावा बाबा सुखानं!" एवढं तिचं आलं. चाचांनी डोळे पुसले. "पोचलं म्हनायचं," ते म्हणाले, आणि पुलाच्या तोंडाला येऊन त्यांनी दोन प्लेट पोहे खाल्ले.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. पितळेच्या कॅसेटी त्यांनी मोडून टाकल्या होत्या. होडीची तेवढी माझ्या हातावर ठेवली. "ही तुला. खरी हाय." वायरीच्या यंत्रावर बसवली, फुंकर मारली, आणि होडी माझ्या डबीत उतरली. मग त्यांनी स्वतःची डबी काढली आणि तिच्यातली होडी माझ्यादेखत पुसून टाकली.

"चाचा, तुमच्याकडं राहू द्या की. कोण बघतंय?"

"कॅसेट तुझी झाली, तर खेळ बी तुझा. मी ठिवला तर परत तेच की रं." आणि रिकामी डबी सदऱ्याला पुसून त्यांनी खिशात टाकली, जेवून ताट धुऊन पालथं घालावं तशी.

ते हज करून परत आले. माझ्यासाठी खजूर आणला, कान पिळून दिला. पुढच्या थंडीत गेले. तो फुंकरवाला ऊर शेवटी न्यूमोनियाने धरला. डबी त्यांच्या उशाशी होती. त्यांच्या मुलीने मला ती चालू करून दाखवली. आत काहीही नव्हतं.

माझ्या डबीत आजही एकच खेळ आहे. माझ्या मुलाच्या मित्रांकडे दहा हजार आहेत, ते मला हसतात. कधी कधी होडी मधेच अडकते, पडदा गोठतो. डबीला कुठे खाच नाही, फट नाही, फुंकायला जागाच नाही. तरी मी ती ओठांपाशी धरतो, डोळे मिटतो, छाती भरतो आणि फुंकर मारतो.

चालते.